स्पेक्ट्रोमीटरला हात लावू नको

"बाहेरच बैस. चपला पाहात राहा. आंत येऊं नको, कळलं कीं?"

राव सर हे मला मराठीत म्हणाले. हळू आवाजात, हसत. माझ्या पुढे-मागे अकरावीची सगळी पोरं लॅबच्या दारात उभी. सगळी तमिळ. एकालाही एक अक्षर कळलं नाही. माझ्या मागे माझी मैत्रीण मलर होती, ती तर मला कोपरानं ढोसून विचारत होती, सरांनी तुला काय काम दिलं गं, खास दिसतंय.

हो, खासच. चपला राखायचं.

तो आयुधपूजेचा दिवस. चेन्नईत त्या दिवशी बसवाला बसची पूजा करतो, शिंपी मशीनची, न्हावी कात्रीची. नुंगंबाक्कमच्या आमच्या शाळेत फिजिक्सच्या लॅबची पूजा व्हायची. लांब टेबलावर केळीचं पान. त्यावर स्क्रू गेज, व्हर्नियर, तराजू, लोलकाचे पितळी गोळे. सगळ्यांना चंदनाचा टिळा, वर कुंकू. मधोमध स्पेक्ट्रोमीटर, त्याच्या दुर्बिणीला मोगऱ्याचा गजरा. कोपऱ्यात चुरमुरे, चणे आणि गुळाच्या पुड्या. एकेक पोरगं आपापल्या हातानं एकेका उपकरणाला कुंकू लावत होतं आणि पुडी घेऊन बाहेर येत होतं.

मी बाहेर. समोर चपलांचा ढीग. मला पुडी मिळाली, ती मलरनं आणून दिली. सरांनी विचारलं नाही आणि मी खाल्ली नाही. आदल्या दिवशी तेच स्क्रू गेज याच हातात धरून मी तारेची जाडी मोजली होती. रात्रीत माझ्या हाताला काय झालं होतं?

काही झालं नव्हतं. सरांना माझं आडनाव कळलं होतं, एवढंच.

आडनाव कसं कळलं तेही सांगते, कारण सांगणारी मीच. आमच्याकडे हजेरीत आडनाव नसतं. आपलं नाव आणि पुढे बापाच्या नावाचं एक अक्षर. पहिलीपासून मी तमिळ पोरांत वाढले. बाबा रेल्वेत खलाशी म्हणजे हेल्पर, एग्मोरच्या यार्डात. सोलापूरकडून बदली होऊन आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. शाळेत कुणाला माझी जात ठाऊक नव्हती. मराठी म्हटलं की त्यांना वाटायचं, बॉम्बेची. बस्स. ते एक अक्षर फार सोयीचं होतं, हे मला तेव्हा समजत नव्हतं.

राव सर तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज राजांबरोबर तिकडे गेलेले. त्यांची मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसूच आलं. जुन्या पोथीतली भाषा, चाल मात्र तमिळ. वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा. पण शाळेत माझ्या घरची भाषा बोलणारं दुसरं होतं कोण? अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की मी मराठी. केवढे खूश झाले! "अम्चीच पोर कीं तूं," म्हणाले. मीही फुलले. घरी जाऊन आईला त्यांची नक्कल करून दाखवली. आईनं पदरात तोंड लपवून हसून घेतलं आणि म्हणाली, चला, परक्या गावात एक तरी आपलं माणूस भेटलं.

आपलं माणूस!

शिकवायचे झकास, यात वाद नाही. लोलक त्यांनीच शिकवला. गोळा लोखंडाचा घ्या, पितळेचा घ्या, लहान घ्या, मोठा घ्या. दोऱ्याची लांबी तीच असेल तर झोक्याला वेळ तेवढाच लागतो. मला ते इतकं आवडलं की घरी खिडकीला दोरा बांधून एकदा कुलूप टांगलं, एकदा बटाटा टांगला. सर म्हणायचे, निसर्ग कुणाला विचारत नाही तूं कोण म्हणून. हे त्यांचं वाक्य. फळ्यासमोर उभं राहून बोलायचे, आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

मग एके दिवशी तास संपल्यावर त्यांनीच विचारलं. आडनांव काय, गांव कोणतं, बाप काय करतो. मी धडाधडा सांगितलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर कदाचित अडखळले असते. पण मराठीत विचारलं होतं ना. मला वाटलं, आता जेवायला बोलावतील.

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बरं बरं. जा." त्यानंतर अम्ची पोर हे शब्द मी पुन्हा ऐकले नाहीत.

आयुधपूजा दुसऱ्याच दिवशी आली, आणि चपलाही. आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, मार्क त्यांच्या हातात आहेत, बारावी होईपर्यंत कळ काढ. खरंच होतं ते. बाबांना मला इंजिनिअर करायचं होतं. रेल्वेत ज्यांच्यासमोर उभं राहून ते आयुष्यभर सलाम ठोकत आले, त्या साहेबांच्या खुर्चीत. बारावीचे गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीचे मार्क जमेला धरून कट-ऑफ लागतो, आणि एकेका मार्कावर कॉलेज हुकतं. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचे काही मार्क सरांच्या हातचे. सरळ हिशोब. गप्प बस.

बसले.

प्रॅक्टिकलला आम्ही चार-चार जण एका टेबलावर असायचो. सर फिरत फिरत यायचे आणि माझ्याजवळ थांबून मराठीत म्हणायचे, "तूं लिही. हात नको." झालं. बाकीचे उपकरण धरायचे, मी रीडिंग लिहायची. पोरांना वाटायचं, माझं अक्षर चांगलं म्हणून. मलरही तसंच समजत होती. तिला वाटायचं सर माझे नातलग असावेत, सारखे आपल्या भाषेत काय काय सांगत असतात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्या भाषेत आई मला झोपवायची, तीच भाषा हा माणूस माझ्या कानाशी येऊन वापरत होता, आणि भर वर्गात कुणाला पत्ता नव्हता. तमिळमध्ये म्हणाले असते तर निदान कुणीतरी वळून पाहिलं असतं. ते त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

बारावीच्या प्रयोगांत स्पेक्ट्रोमीटर आला. तीन पायांवर उभं राहिलेलं जड यंत्र. मधे छोट्या मंचावर काचेचा प्रिझम, एका बाजूला प्रकाश येण्याची नळी, दुसऱ्या बाजूला दुर्बीण. सोडियमचा पिवळा दिवा लावायचा. दुर्बिणीतून पिवळी रेघ दिसते. प्रिझम हळूहळू फिरवायचा, रेघ सरकत जाते, सरकत जाते, आणि एका जागी येऊन थबकते. तुम्ही प्रिझम त्याच दिशेनं फिरवत राहिलात तरी ती उलटी वळते. ती थबकते तिथला कोन वाचायचा. पोरं दुर्बिणीला डोळा लावून ओरडायची, वळली, वळली! मी मागे वही घेऊन उभी. मलरच्या खांद्यावरून नुसते तिचे हात बघायचे. कुठला स्क्रू आधी, कुठला मग. माझ्या डोळ्यांना सगळं पाठ होतं. हातांना काही माहीत नव्हतं.

दुसरी आयुधपूजा. पुन्हा केळीचं पान, पुन्हा चंदन. ह्या वेळी मी न सांगताच बाहेर थांबले होते, चपलांपाशी. आत कुणाचा तरी धक्का लागला आणि टेबलाच्या कडेला मांडलेला स्पेक्ट्रोमीटर कलला. मी दारातच होते. कुणाला काही सुचायच्या आत मी धावले आणि दोन्ही हातांनी तो धरला. पडला असता तर प्रिझमचा चुरा झाला असता. सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात चंदनानं पिवळे.

सर जवळ आले. तोंडावर हसू. हळूच म्हणाले, "लाविलास कीं हात शेवटीं. जा आतां बाहेर."

मी बाहेर गेले. पुड्या वाटून झाल्या, पोरं पांगली. मी चप्पल शोधत होते म्हणून मागे राहिले, आणि दारातून पाहिलं. सरांनी तांब्यात हळदीचं पाणी घेतलं होतं. स्पेक्ट्रोमीटरवर ओतत होते. मंचावर, नळीवर, दुर्बिणीवर. फिजिक्सचा मास्तर! लेन्सला साधं बोट लागलं तर पोरांवर खेकसणारा माणूस. तांब्याभर पाणी दुर्बिणीत गेलं आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझा हात धुऊन निघायला हवा होता. मग त्यांनी फडक्यानं पुसला, कापडी झाकण घातलं आणि कपाटात ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिकलला शाळेतला दुसरा, जुना स्पेक्ट्रोमीटर बाहेर आला. का, ते कुणी विचारलं नाही.

मी घरी काही बोलले नाही. काय बोलणार? माझ्यामुळे यंत्र वाचलं आणि माझ्यामुळेच बुडवलं?

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलची परीक्षा. दुसऱ्या शाळेतून परीक्षक मॅडम आल्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मी उचलली. स्पेक्ट्रोमीटर.  मलरलाही तोच प्रयोग आला होता, आणि ती आधीच जुन्या यंत्रावर बसली होती. शिपायानं कपाटातून दुसरा काढून माझ्यापुढे ठेवला. झाकण काढलं तर आटे गंजलेले, मंच फिरेना. मी दुर्बिणीला डोळा लावला. पिवळा धुरळा नुसता. रेघ नाही, काही नाही. मी मंच पुन्हा पुन्हा फिरवू पाहत होते.

मॅडमनी येऊन डोळा लावला. तमिळमध्ये म्हणाल्या, आत बुरशी धरली आहे, पाणी गेलंय ह्यात, कुणी केलं हे?

राव सर लगेच पुढे आले. तमिळमध्येच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ही मुलगी जरा धांदरट आहे मॅडम, पूजेच्या दिवशी चंदनाचे हात लावले होते तिनं, सगळ्यांनी पाहिलंय.

आणि मग माझ्या बाजूला वळून, हळू, मराठीत:

"गप्प राहा. बोललीस तर तुझंच नुकसान. मार्क मी पाहून घेतों."

मला वाटतं त्या क्षणी मी काही विचार केला नाही. बाबांची खुर्ची आठवली नाही, आईची कणीक आठवली नाही. फक्त तो आवाज कानात होता. दोन वर्षं तोच आवाज, तेवढाच हळू. त्याला किती खात्री होती! ही पोर समजेल आणि दुसरं कुणी समजणार नाही, म्हणजे काही घडलंच नाही. मला स्वतःचीच किळस आली की त्या आवाजाला मी इतके दिवस कान दिला.

मी स्टुलावरून उठले. तमिळमध्ये म्हणाले, "मॅडम, सर आत्ता मला आमच्या भाषेत काय म्हणाले ते सांगते."

आणि सांगितलं. शब्दाला शब्द. मग थांबायचं कशाला? चपला राखायला बसवलं ते सांगितलं. तूं लिही, हात नको, ते सांगितलं. हळदीचं पाणी सांगितलं. आधी मराठीत, सरांच्याच चालीत, मग तमिळमध्ये. माझा आवाज चिरकत होता, पण लॅबच्या टोकापर्यंत पोचत होता. पोरांनी हातातली कामं सोडली. मलर माझ्याकडे अशी बघत होती जणू मी तिच्याशी दोन वर्षं खोटं बोलले होते.

सर हसले. खरंच हसले. मॅडमना म्हणाले, हिचा गैरसमज झालाय, आमची तंजावरची मराठी फार जुनी, हिची मराठी निराळी, हिला कळली नसेल.

कळली नसेल! अहो, मला ती भाषा नको इतकी कळली होती.

मॅडम वाईट नव्हत्या. पण त्या म्हणाल्या, हे तुमच्या शाळेचं बघा, मी परीक्षा घ्यायला आले आहे. मलरचं संपत आलं होतं. त्यांनी मला जुन्या यंत्रावर बसवलं. उरलेल्या वेळात जमेल तेवढं कर म्हणाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा ते स्क्रू फिरवले. डोळ्यांना पाठ होतं ते हात शोधत होते. पिवळी रेघ दिसली. मी प्रिझम फिरवला, ती सरकली, सरकली, थबकली आणि वळली. मला रडू आलं, सांगते खरं. एक कोन मिळाला. दुसरा मिळायच्या आत वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं. ते ड्यूटीवरून थेट आले, खाकी कपड्यांत, हाताला ग्रीस. हेडमिस्ट्रेसबाईंनी खुर्ची दाखवली तरी उभेच राहिले. बाई म्हणाल्या, मुलीनं परीक्षकांसमोर शाळेची अब्रू घालवली. तिनं राव सरांची माफी मागावी, मग विषय मिटला. आणि राव सर बाबांशी मराठीत बोलू लागले. गोड. म्हणाले, आपण सगळे मराठी, परमुलखांत एकमेकांना सांभाळून घ्यावं, पोरीला समजवा.

बाबांनी हात जोडले. काळ्या पडलेल्या नखांचे ते हात. घरी आमच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, बाबा रोज त्याच्यासमोर हात जोडतात. तेच हात इथे, ह्या माणसासमोर.

माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "माग बाई माफी. वर्ष वाया जाईल."

मी म्हणाले, "मी खोटं बोलले असेन तर मागते. खोटं काय होतं ते सरांनी सांगावं. तमिळमध्ये सांगावं, बाईंना कळेल असं."

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघू लागले.  शेवटी बाई म्हणाल्या, जा. माफी मी मागितलीच नाही.

मार्क आले. सरांच्या हातचे जवळजवळ सगळे गेले होते, प्रयोगाचे अर्धे. इंजिनिअरिंग थोडक्यात हुकलं. थोडक्यात म्हणजे तेवढंच, जेवढं एका माणसाच्या हातात होतं. बाबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जोडलेल्या हातांचा आला, अजून येतो. मलरनं एकदा विचारलं, आधी का नाही सांगितलंस? मी तिला विचारलं, तू सरांना आता काही विचारलंस का?  आमची मैत्री तिथेच संपली.

मी फिजिक्स सोडलं नाही. का सोडू? ते काय सरांच्या बापाचं आहे? सरकारी कॉलेजात बी.एस्सी. केली, आता एम.एस्सी. करते आहे. तिथे पहिल्याच दिवशी मी स्पेक्ट्रोमीटर स्वतः उचलून टेबलावर ठेवला. एकानं म्हटलं, थांब, अटेंडर ठेवेल. मी म्हटलं, मी ठेवणार.

मागच्या महिन्यात नुंगंबाक्कमच्या बसस्टॉपवर राव सर भेटले. केस पांढरे झालेत. जवळ आले आणि तसंच, हळू आवाजात म्हणाले, "बाळा, अजून राग आहे कीं?"

स्टॉपवर माणसं होती. शाळेतली पोरं होती, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका होत्या. मी मराठीत म्हणाले, आहे. मग त्या सगळ्यांकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, हे माझे फिजिक्सचे सर, माझा हात लागला म्हणून ह्यांनी यंत्र पाण्यानं धुतलं होतं, आणि आता विचारतायत राग आहे का. बायका बघू लागल्या. सरांची बस नव्हती आली, तरी ते चालू लागले.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, म्हातारा माणूस, सोडून द्यायचं होतंस. नाही सोडणार. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. जी भाषा कुणाला कळू नये म्हणून त्यांनी वापरली, तिच्यात. ती ज्यांना कळते त्या सगळ्यांना कळू दे. यापुढे कुणी माझ्या कानाशी येऊन हळू बोललं, मग ते कुठल्याही भाषेत असो, तर मी ते आधी त्याच्या भाषेत आणि मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या भाषेत मोठ्यानं सांगणार. मार्क गेले तरी सांगणार. नोकरी लागेल, तिथेही सांगणार.